अन्नावरची वासना

दुष्काळाचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळाच्या हकिकती मराठवाड्यातील घराघरांत आजे-पणजे सांगत आले, आणि १९७२ चा दुष्काळ तर सभेतील वडीलधाऱ्यांनी स्वतः भोगलेला आहे. परंतु ताट वाढलेले आहे, भाकरी गरम आहे, आई समोर बसली आहे, आणि पंधरा-सोळा वर्षांचे पोर दोन घास चिवडून उठते आहे, याचा इतिहास कोणी लिहावयास घेत नाही. आम्ही आज तो विषय घेतला आहे.

आपली भाषा याबाबतीत मोठी सूक्ष्म आहे. भूक मंदावली, तोंडाला चव नाही, अन्नावरची वासना उडाली, अन्नावर राग काढला, खाल्लेले अंगी लागत नाही : ही पाचही वाक्ये आपण रोज बोलतो आणि पाचांचा अर्थ निरनिराळा आहे. पोर रोडावू लागले म्हणजे घरातील माणसे मात्र हा भेद विसरतात आणि जे कारण पहिल्याने सुचते तेच धरून बसतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, न जेवणाऱ्या मुलांचे जे नुकसान आजवर झाले त्यातील बरेचसे या घाईने झाले.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. काही अभ्यासक पंढरपूरचे नाव घेतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. इ. स. १२७० हे जन्मवर्ष, वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. बाल नामदेव नैवेद्याचे ताट घेऊन विठ्ठलापुढे बसला आणि देव जेवल्याशिवाय उठेना, ही कथा महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’तून घरोघरी पोहोचली. आम्हांला त्या कथेइतकीच तिच्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. गाथेत गोणाईच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत ही बाई आपल्या मुलासाठी थेट देवाशी भांडते. संसारातून मन उडालेला, घरादाराची शुद्ध नसलेला मुलगा तिला परत हवा आहे. मुलगा थोर होणार आहे, हे तिला त्या वेळी ठाऊक नाही. तिला दिसते ते एवढेच, की आपले पोर आपल्या हातातून चालले आहे. हे अभंग तिचे स्वतःचे की मागाहून कोणी तिच्या तोंडी घातलेले, हा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. एका आईची तक्रार आपल्या परंपरेने जपून ठेवली, हे मात्र खरे.

नामदेवांचा समाधिकाल १३५० चा समजतात. त्याच्या तीनच वर्षे आधी, १३४७ साली, इटलीत सिएना गावी एका रंगाऱ्याच्या घरी कॅथरिन नावाची मुलगी जन्मली. इकडे शिंपी, तिकडे रंगारी. दोन्ही घरे कापडावर पोट भरणारी. १३६२ साली तिची थोरली विवाहित बहीण बाळंतपणात वारली. त्यानंतर या पोरीचे खाणे कमी कमी होत गेले. आई लापा हिने रागावून पाहिले, रडून पाहिले, हवापालटासाठी उन्हाळ्यांवर म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेऊन पाहिले. लोक तिला साध्वी म्हणू लागले, पुढे चर्चने संत ठरविले. जेवण्याबद्दल तिला आज्ञा झाल्या, त्याही चालल्या नाहीत. आणि नवल हे की, आपले न खाणे हे दुखणे आहे असे आपल्याला वाटते, हे तिने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. १३८० साली, तेहतिसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या थोरवीला आम्ही हात लावीत नाही. परंतु ज्या समाजात उपासाला मान आहे तेथे न जेवणारे पोर आजारी आहे हे उशिरा कळते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या घरांतूनही मुलीने एकादशीला सोमवार जोडला, सोमवाराला चतुर्थी जोडली, की कौतुकच होते. वजन किती उतरले हे कोणी विचारीत नाही.

आता वैद्यांकडे वळू. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची कथा आहे. दक्षाच्या कन्या चंद्राला दिलेल्या, पण तो एकट्या रोहिणीच्या ठायी आसक्त झाला, म्हणून दक्षाच्या कोपाने त्याला क्षय जडला. कथा सोडून द्या. तीपुढील लक्षणे वाचून आम्ही थक्क झालो. रोग उघड होण्याच्या आधी माणसाला अन्नपाण्यात माशी, केस, गवताची काडी पडल्याचे वरचेवर आढळते, निर्दोष वस्तूंत दोष दिसतात, किळस येते, आणि खात असतानाही बळ व मांस झडत जाते. ‘आमटीत केस आहे’ म्हणून ताट सारणाऱ्या मुलाला आपण खोडकर म्हणतो. ग्रंथकाराने त्याची रोगाच्या पूर्वरूपांत नोंद केली. कारणे सांगतानाही त्याने शक्तीबाहेरचे साहस, मलमूत्रादि वेगांचा अवरोध आणि अवेळचे वेडेवाकडे खाणे यांच्याबरोबर धातूंचा क्षय सांगितला, आणि त्या क्षयात शोक व चिंता यांनाही जागा दिली.

अरोचकाचे, म्हणजे अन्न न रुचण्याचे, पाच प्रकार आयुर्वेदाने मानले. त्यांतील पाचवा मनाचा : शोक, भय, क्रोध यांतून आलेला. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत तर याहून बारीक विभागणी आहे. घास तोंडात घातल्यावर गोड लागत नाही तो अरोचक. अन्न नुसते आठवले, पाहिले, त्याचे नाव ऐकले तरी तिटकारा येतो तो भक्तद्वेष. आणि राग किंवा भीती यांमुळे खाण्याची इच्छाच होत नाही तो अभक्तच्छंद. आमच्या मते आईबापांनी विचारावयाचा पहिला प्रश्न या जुन्या टीकेत तयार आहे : भूक गेली आहे, की भूक असून पोर नको म्हणते आहे?

युरोपात हा प्रश्न छापील ग्रंथात आला तो १६८९ साली. लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने क्षयरोगावर पुस्तक लिहिले. त्यात ताप नाही, खोकला नाही, आणि तरी शरीर झिजते आहे, असे दोन रोगी त्याने वर्णिले. एक अठरा वर्षांची मुलगी; १६८४ साली तिचे दुखणे सुरू झाले, आणि पुढे मॉर्टनने तिला पाहिले तेव्हा ती कातडी पांघरलेल्या सांगाड्यासारखी होती. तिने औषध नाकारले आणि थोड्या महिन्यांत ती गेली. दुसरा एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्या दुखण्याचे कारण मॉर्टनने दिले ते असे : अतिशय अभ्यास आणि मनाचा क्षोभ. त्याला पुस्तके बंद करावयास लावून गावाकडे धाडले, घोड्यावर फिरविले, दुधावर ठेवले, आणि तो बऱ्याच अंशी सुधारला. या मुलाची आठवण असू द्यावी. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

मॉर्टनने हे दोघे क्षयाच्या ग्रंथात घातले, कारण झिजणे म्हणजे क्षय असाच सर्वत्र समज होता. आपल्याकडेही तो वावगा नव्हता. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी क्षयानेच गेले. डॉक्टर होऊन अमेरिकेहून परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत त्याच रोगाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कॉखने क्षयाचे जंतू २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले होते, परंतु जंतू सापडला म्हणून औषध सापडले असे होत नाही. स्ट्रेप्टोमायसिनला १९४३ साल उजाडावे लागले. तोवर ज्याला परवडेल त्याने सॅनिटोरियममध्ये जावे आणि ज्याला परवडत नाही त्याने रोग लपवावा, विशेषतः मुलगी लग्नाची असेल तर, असा रिवाज होता. या लपवण्याने किती पोरी गेल्या त्याची गणती नाही. पुढे १९५६ साली मद्रासला एक प्रयोग सुरू झाला, १९५९ साली त्याचा निष्कर्ष आला : गरिबाच्या घरी, घरच्याच जेवणावर राहून औषध नेमाने घेतले तरी सॅनिटोरियमइतकाच गुण येतो. असे असले तरी अन्नाचे महत्त्व उणे झाले नाही. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना जादा शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

झिजण्याचे आणखी एक कारण क्षयाच्या सावलीत दडून राहिले होते. टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड टॉम्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली. त्याचे वजन अवघे ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो होते. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. २३ जानेवारीला सुधारलेला अर्क दिल्यावर साखर उतरली, मुलगा वाचला व आणखी तेरा वर्षे जगला. या रोगात पोराची भूक बहुधा जात नाही, उलट ते खा खा करते, घटाघटा पाणी पिते, रात्री लघवीला उठते, आणि तरी वाळत जाते. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे म्हणून नजर काढणाऱ्या घरांना हे कोणी वेळेवर सांगितले पाहिजे. मीठमोहऱ्या ओवाळण्याने बिघडत काही नाही. बिघडते ते त्यात गेलेल्या दिवसांनी.

आता मनाच्या प्रकाराकडे येऊ. १८७३ साली पॅरिसचा लासेग आणि लंडनचा गल या दोघांनी या दुखण्याला एकमेकांपासून स्वतंत्रपणे नाव दिले. गलने सतरा वर्षांच्या एका मुलीची हकिकत दिली आहे. १८६६ साली ती त्याच्याकडे आली तेव्हा वजन ८२ पौंड होते, १८६८ साली ते १२८ पौंडांवर गेले. ठरल्या वेळी थोडे थोडे खाऊ घालणे, ऊब आणि विश्रांती, हाच उपचार. लासेगने मात्र पोरीबरोबर तिच्या घराकडेही पाहिले, आणि त्याचे ते निरीक्षण आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. घरच्यांपाशी दोनच उपाय असतात असे तो सांगतो : विनवणी आणि धमकी. पानात पक्वान्ने वाढत जातात. जितका आग्रह वाढतो तितकी भूक आटते. जेवणे हे आईबापांवरच्या प्रेमाचे प्रमाण होऊन बसते. पोरगी म्हणते, मला काही होत नाही, म्हणजे मी बरी आहे. हे वाचताना पॅरिस डोळ्यांपुढे राहत नाही. ‘माझ्या गळ्याची शपथ आहे, एवढी पोळी खा’ आणि ‘नको तर नको, उद्यापासून शाळा बंद’ ही दोन्ही वाक्ये आपल्या माजघरातलीच वाटतात.

गलने यावरून काढलेला निर्णय कठोर होता : अशा रोग्याची शुश्रूषा करण्यास सगेसोयरे बहुधा सर्वांत अयोग्य. म्हणून पुढे शंभर वर्षे अशा मुलींना आईबापांपासून दूर ठेवण्याची चाल पडली आणि घराला दोष देण्याचीही. हा निर्णय एकांगी होता असे आम्हांला वाटते, आणि पुढच्या अनुभवानेही तसेच दाखविले. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहान वयात सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून जुना न झालेल्या दुखण्यात, आईबापांना बरोबर घेऊन केलेला उपचार अधिक गुणकारी ठरला. पानावर बसून पोराला खाऊ घालण्याचे काम पुन्हा आईबापांकडे आले. मात्र शपथा आणि धमक्या बाजूला ठेवून, निश्चयाने व न रागावता. हे दुखणे मुलींचेच, हाही समज खरा नाही; मुलांनाही ते होते.

आपल्या जिल्ह्यातील आजची परिस्थिती पाहू. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील मुले दहावी होताच डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी नांदेड-लातूरच्या शिकवण्यांना जातात. बाप हळदीचा हप्ता मोडून फी भरतो. पोर खोलीवर राहते, डबा लावते, रात्री जागते, सकाळी चहावर निघते. मॉर्टनचा सोळा वर्षांचा मुलगा तो हाच. त्याला पुस्तके मिटून गावी धाडणारा वैद्य भेटला. आपल्या मुलाला ‘एवढे वर्ष काढ’ असे सांगणारा बाप भेटतो. बापाचा दोष आम्ही काढीत नाही, त्याने जमिनीच्या तुकड्यावर जुगार लावलेला असतो. परंतु अभ्यासाने वाळले असे म्हणून प्रश्न मिटविण्यापूर्वी संध्याकाळी अंग कोमट लागते काय, दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय, तहान वाढली आहे काय, मुलीची पाळी चुकू लागली आहे काय, जेवून उठल्यावर ती एकटी मोरीकडे जाते काय, आणि पोर बोलेनासे झाले आहे काय, हे विचारावे. यांतले एकही उत्तर होकारी आले तर डॉक्टरकडे जाण्यास दुसरे निमित्त लागू नये. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि रक्तातील साखर तर बोटाला टोचून एका मिनिटात कळते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अधिक आहे. राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी झाले म्हणजे दम लागतो, थकवा येतो आणि भूकही मंदावते. भूक मंदावली म्हणजे रक्त आणखी उतरते. ज्या घरात मुलगी आईबरोबर सर्वांच्या मागून जेवते, तेथे तिने किती खाल्ले हे पाहण्यास पंक्तीत कोणी उरलेलेच नसते.

रोज डोळ्यांपुढे असलेले पोर रोडावलेले आईबापांना दिसत नाही, हाही जुनाच अनुभव आहे. ते दिसते बाहेरच्याला. दिवाळीला आलेली मावशी दारातच विचारते, ‘काय गं, किती वाळलीस!’ आणि घरातील सगळे म्हणतात की अगं, ती पहिल्यापासून तशीच आहे. अशा वेळी मावशीचे ऐकावे, पोराला दवाखान्यातील काट्यावर उभे करावे, आकडा तारखेसह भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा, आणि महिन्याने पुन्हा त्याच काट्यावर उभे करावे.