पणजीची इगर्ज आणि दुसरीकडची घंटा

गोव्याला जाणारी आपली मंडळी जुन्या गोव्यातली मोठमोठी चर्चेस आवर्जून पाहतात. पणजीच्या इगर्जीपुढे मात्र फोटो काढून पुढे जातात. (गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात.) इतिहासाच्या दृष्टीने ही इगर्ज थोडा वेळ थांबून पाहावी अशी आहे, म्हणून आज तिच्याविषयी.

पणजी तेव्हा शहर नव्हते. मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा, आजूबाजूला दलदल, खाजण आणि थोडी वस्ती, एवढेच. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला आणि 1541 च्या सुमारास इथल्या टेकडीच्या उतारावर एक लहानसे कपेल उभे राहिले. 1600 साली पणजीला स्वतंत्र पॅरिशचा दर्जा मिळाला आणि 1619 साली जुन्या कपेलच्या जागी मोठी इमारत बांधली गेली. तीच आजची 'अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन'ची इगर्ज. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतले 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले ते 1616 साली, म्हणजे याच सुमारास. मराठी वाचकाने हा योगायोग ध्यानात ठेवावा.

लिस्बनहून येणारे खलाशी महिनोन्‌महिने समुद्रात काढून मांडवीत शिरले की आधी इथे येऊन आभार मानत, मग पुढे जुन्या गोव्याला जात, असे सांगतात. टेकडीवरची पांढरी इमारत त्यांना दुरून दिसतही असणार.

आता इमारतीकडे पाहू. जांभ्याचे बांधकाम, वर चुन्याचा गिलावा आणि पांढरा रंग. कोकणातल्या पावसात जांभा उघडा ठेवला तर झिजतो, म्हणून गिलावा आणि सफेदी ही नुसती शोभा नाही, ते भिंतीचे छत्र आहे. समोरचा दर्शनी भाग साधा, दोन्ही बाजूंना बुटके मनोरे आणि मध्ये उंच कमान. पुढचे नागमोडी जिने इमारतीला खरी ऐट देतात. आत गेल्यावर मात्र बरोक शैलीची श्रीमंती दिसते. मुख्य वेदी मेरीमातेची, सोन्याचा मुलामा दिलेली. तिच्या एका बाजूला क्रुसावरच्या येशूची वेदी आणि दुसऱ्या बाजूला रोझरीच्या मातेची. बाहेरून साधे आणि आतून भरलेले, आपल्या जुन्या वाड्यांसारखे.

दर्शनी भागाच्या मध्यावर जी मोठी घंटा टांगली आहे, ती मुळात इथली नव्हेच. ती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन पंथाच्या चर्चची. 1602 साली पुरे झालेल्या त्या चर्चचा मनोरा सुमारे 46 मीटर उंच होता. पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले, आणि 1835 साली तो मठ ओस पडला. 1842 साली छताची कमान कोसळली, 1931 साली मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला अर्धा आजही उभा आहे. घंटा मात्र वाचली. काही काळ ती आग्वादच्या दीपगृहात होती आणि 1871 साली पणजीच्या इगर्जीत आली. वजन सुमारे 2250 किलो! एवढे ओझे पेलण्यासाठी मधला भाग उंच आणि भक्कम करावा लागला. म्हणजे ज्या आकारासाठी आपण या इगर्जीचे कौतुक करतो, तो बराचसा या पाहुण्या घंटेने घडवला आहे. 1843 साली पणजी अधिकृत राजधानी झाली होती. जुने शहर ओस पडले, नवे वसले, आणि घंटाही राजधानीच्या मागोमाग आली.

माझ्या भाचीच्या मुलाने मध्यंतरी मला एक नेमका प्रश्न विचारला. "आजोबा, ज्यांनी देवळं पाडली त्यांच्या इमारतीला सुंदर कसं म्हणायचं?" प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. तिसवाडी बेटावरची देवळे पाडली गेली ती 1540 च्या सुमारास, म्हणजे हे कपेल उभे राहिले त्याच काळात. इन्क्विझिशन 1560 ला आले आणि 1812 पर्यंत टिकले. शिक्षकाने या तारखा खोडायच्या नसतात.

पण फळ्यावर आणखीही तारखा लिहाव्या लागतात. 1787 साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंच्या उठावाचा कट रचणाऱ्यांत गोमंतकीय पाद्रीच पुढे होते. तो फुटला आणि 15 जणांना देहदंड झाला. 1818 च्या सुमारास याच पणजीत महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले, इगर्जीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दरवर्षी 8 डिसेंबरला इगर्जीचे फेस्त भरते, तेव्हा तिथे गुडघे टेकणारी माणसे लिस्बनची नसतात. ती याच मातीतली, कोकणी बोलणारी, आपल्या पूर्वजांच्या गावांची नावे सांगणारी असतात. सत्ता 1961 साली गेली, इगर्ज राहिली, कारण तोवर ती त्यांची झाली होती.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की बांधणाऱ्याचा हिशेब बांधणाऱ्याकडे मागावा, प्रार्थना करणाऱ्याकडे नव्हे. आणि इमारत सुंदर असेल तर तसे म्हणायला घाबरू नये. त्याला पटले की नाही, ठाऊक नाही. "बघतो" म्हणाला.

असो. पणजीला गेलात तर फोटो जरूर काढा, पण वर मान करून ती घंटाही पाहा. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये अशी दुसरीकडून आलेली घंटा असेल, तर तिची हकीकत नक्की कळवा.