अकॅडमीची फी आणि अथेन्सचं मैदान

पोस्ट जरा लांब आहे, पण चहा पिता पिता वाचून काढा. विषय आपल्या पोरांचा आहे.

पहाटे पाचला मुकुटबनातून बाहेर पडणारा कोणताही रस्ता धरा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. पायाखाली डांबर, बाजूने ट्रक, एकाच्या हातात मोबाईल, त्यावर टायमिंग. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सगळे मिळून ५० गुण. परवा एका पोट्ट्यानं विचारलं, "दादा, हे शंभर मीटरचं खूळ काढलं कोणी?"

उत्तर शोधायला गेलो तर थेट ग्रीसमध्ये पोचलो.

परंपरेनुसार इ.स.पू. ७७६ मध्ये ऑलिंपिया या गावी पहिले खेळ भरले. सुरुवातीला शर्यत एकच. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अंदाजे १९२ मीटर. या अंतराला ते ‘स्टेडियन’ म्हणत. आपलं ‘स्टेडियम’ त्यातूनच आलं. पहिला विजेता कोरोइबोस हा स्वयंपाकी होता असं सांगतात. पुढे लांब पल्ल्याच्या शर्यती आल्या. इ.स.पू. ७०८ मध्ये कुस्ती आली, आणि थाळीफेक, भालाफेक, उडी, धाव व कुस्ती मिळून पंचक्रीडा आली. इ.स.पू. ५२० मध्ये तर शिरस्त्राण घालून, हातात ढाल घेऊन पळायची शर्यत सुरू झाली. म्हणजे धावण्याचा आणि फौजेच्या तयारीचा संबंध तेव्हापासूनचा आहे. गोळा मात्र त्यांचा नाही, ते थाळी आणि भाला फेकत.

बऱ्याच गोष्टी आपण उगाच ग्रीकांच्या नावावर खपवतो. मॅरेथॉन नावाची शर्यत प्राचीन ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हती. ती १८९६ ला अथेन्सच्या आधुनिक ऑलिंपिकसाठी जुन्या कथेवरून तयार केली, आणि जिंकली कोणी, तर पाणी वाहून पोट भरणाऱ्या स्पिरिदोन लुईसनं. मशालीची दौडही १९३६ च्या बर्लिनपासूनची. आणि ग्रीक काही देवमाणसं नव्हती. गुलामांना स्पर्धेत भाग नव्हता, बायकांनाही नव्हता. आज आपल्या पोरी पहाटे रस्त्यावर पळतात, त्या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. ऑलिंपियात विजेत्याला फक्त ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळायचा. खरा खर्च गावात व्हायचा, तोही आधी. ग्रीक शहर म्हटलं की तिथं ‘जिम्नेशियन’ असायचंच. पळायला जागा, कुस्तीला खणलेली माती, अंगाला लावायला तेल. पुढे पुढे तर शहरातल्या श्रीमंत माणसावर वर्षभर ते चालवायची जबाबदारी टाकत, तेलाचा खर्चही बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जाई.

आता गंमत बघा. आज प्रत्येक भरतीच्या बोर्डावर ‘अकॅडमी’ लिहिलेलं असतं. हा शब्द अथेन्सबाहेरच्या अशाच एका सार्वजनिक व्यायामाच्या जागेचं नाव आहे. प्लेटो तिथंच शिकवायचा. मूळ अकॅडमी शहराच्या मैदानावर होती. आपल्याकडे नाव आलं, फी आली, मैदान तेवढं राहून गेलं.

कोणी म्हणेल, ग्रीसचं काय सांगता, आपली माती वेगळी. बरोबर. आपली कुस्ती आपण ग्रीकांकडून घेतलेली नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खुराकाचं आणि सरावाचं वर्णन आहे. मग आपल्याच मातीतली उदाहरणं घ्या.

१९१४ साली आपल्याच विभागात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. बावीस वर्षांनी, १९३६ ला, त्याच मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली. आधी आखाडा झाला, बर्लिन नंतर आलं.

१९१९ ला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला, त्यातला फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला.

आणि खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी, तालमीच्या मातीत तयार झालेला. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ ला ते पोलीस खात्यात फौजदार झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यानंतर. आता त्यांची जयंती, १५ जानेवारी, हा राज्याचा क्रीडा दिन आहे. मिरवणुका आपण चांगल्याच काढतो. पण दर वेळी कोणा प्राचार्यानं घर गहाण ठेवायचं का?

म्हणून साधी गोष्ट सांगतो. ४०० मीटरच्या ट्रॅकला साधारण चार एकर सपाट जागा लागते. तेवढी नसेल तर २०० मीटरचा मातीचा करा, आठ फेऱ्यांत १६०० मीटर होतात. मुरूम, रोलर, चुन्याच्या रेघा, गोळाफेकीचं वर्तुळ, आणि पोरींसाठी दोन दिवे व एक संडास. सिंथेटिक ट्रॅक कोणी मागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यायचा, ठराव इतिवृत्तात लिहून घ्यायचा आणि जागेचा सात-बारा पाहूनच उठायचं. ज्यांचे ट्रक आणि धंदे याच रस्त्यावर चालतात त्यांनी मुरूम द्यावा. ग्रीकांचे शेठ तेल देत होते, आपल्या शेठांना मुरूम जड जाऊ नये.

पोट्ट्याला मी एवढंच सांगितलं, "बेटा, शंभर मीटरचं खूळ जुनं आहे. पण ज्यांनी ते काढलं त्यांनी पळायला आधी जागा दिली होती."

उद्या पहाटे एकदा रस्त्यावर येऊन बघा, ट्रकच्या उजेडात आपलीच लेकरं पळत आहेत. ग्रामसभेला कोण कोण येणार, खाली नाव लिहा.