खानेसुमारी आणि बोलीचे खाने

खानेसुमारी हा शब्द फारसींतून आला. त्या भाषेंत खाना म्हणजे घर, तेव्हां खानेसुमारी म्हणजे घरांची मोजदाद. परंतु आपल्या मराठींत पेटीच्या कप्प्यासही खाना म्हणतात. आणि गणतीचें काम आंत शिरून पाहिलें, तर हा दुसरा अर्थच अधिक खरा वाटूं लागतो. माणसें दारोदार मोजलीं जातात खरीं, पण आंकडा जन्मास येतो तो कप्प्यांत.

१८९१ च्या खानेसुमारीपर्यंत रीत अशी होती, कीं गणतीच्या वहींतील एकेक ओळ वाचीत जावें आणि मोठ्या तक्त्याच्या ज्या त्या रकान्यांत एकेक रेघ ओढावी. रेघ चुकून शेजारच्या रकान्यांत पडली, कीं ती हुडकून काढणें अशक्य. १९०१ सालीं बव्हेरियांतील फॉन मायर ह्यांची चिठ्ठ्यांची युक्ति हिंदुस्थानांत आणण्यांत आली. प्रत्येक माणसामागें एक चिठ्ठी. तिच्या रंगावरून धर्म ओळखावयाचा, छापील खुणेवरून स्त्री कीं पुरुष, विवाहित कीं अविवाहित, हें समजून घ्यावयाचें. कारकून कप्प्यांच्या मांडणीपुढें बसे, ज्या त्या कप्प्यांत चिठ्ठी टाकी, आणि मग एकेक गठ्ठा मोजी. संशय आला तर गठ्ठा पुन्हां मोजतां येई. शिवाय त्याच चिठ्ठ्या गोळा करून आज धंद्याप्रमाणें, उद्यां मातृभाषेप्रमाणें वांटतां येत. ह्या रीतीनें त्या वर्षीं खानदेश जिल्ह्याचीं १४,२७,३८२ माणसें भरलीं. त्या वेळीं धुळें व जळगांव हीं एकाच जिल्ह्यांत होतीं. पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश पुढें १९०६ सालीं झाले.

आतां थोडें आडवळण घेतों, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं युनिक्स नांवाची संगणकप्रणाली जन्मली आणि तींत पुढील कांहीं वर्षांत लहान लहान आज्ञांचा एक संच तयार झाला. एका माणसामागें एक ओळ, आणि ओळींत गांव, वय, मातृभाषा असे रकाने, अशी साधी मजकुराची यादी आपणांपाशीं आहे असें समजा. ‘कट’ ही आज्ञा हवा तो रकाना कापून देते. ‘सॉर्ट’ सारख्यास सारखें लगत आणून ठेवते. ‘युनिक’ लगतच्या सारख्या ओळींची एक ओळ करते, आणि सांगितल्यास तिच्यापुढें संख्याही मांडते. १९७३ पासून एका आज्ञेचें फळ दुसरीच्या ओंजळींत परस्पर सोडण्याची सोय झाली, तेव्हां हें सारें काम एका ओळीच्या हुकुमांत होऊं लागलें. मात्र ‘युनिक’ला एक खोड आहे. ती केवळ शेजारची ओळ पाहते. ‘सॉर्ट’ न करतां यादी तिच्या हातीं दिली, तर अहिराणी हें एकच नांव ती निरनिराळ्या ठिकाणीं पुन्हां पुन्हां निराळें मोजते. १९७७ सालीं आहो, वाइनबर्गर व कर्निहॅन ह्या तिघांनीं आपल्या आद्याक्षरांवरून ‘ऑक’ नांव दिलेली आज्ञा रचली. तिला क्रम लावावा लागत नाहीं. नवें नांव दिसलें कीं ती नवा कप्पा करते आणि ओळ त्यांत टाकते. १९०१ चा कारकून तिला पाहून हंसला असता. त्याचीच मांडणी, फक्त लांकडाविना.

परंतु कारकुनासही जी अडचण होती, ती यंत्रानें तिळभर कमी झालेली नाहीं. अहिराणी, अहीराणी, अहिरानी हीं यंत्राच्या लेखीं तीन नांवें. शेवटीं एक रिकामी जागा चुकून राहिली तर चौथें. कोणीं ‘खानदेशी’ म्हटलें तर पांचवें. हीं एक समजावींत कीं नाहीं, हें मोजणाऱ्यास कोणीं तरी आधीं सांगावें लागतें, आणि खरी सत्ता त्या सांगणाराच्या हातीं असते. २०११ च्या खानेसुमारींत देशभर लोकांनीं सांगितलेलीं मातृभाषांचीं नांवें १९,५६९ भरलीं. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ओळखल्या गेल्या, आणि दहा हजारांवर बोलणारे असलेल्या बोलींची गटवारी होऊन अखेर १२१ भाषा उरल्या. ह्या चाळणींतून आपल्या भागाची जी भाषा बाहेर पडते, तिचें शीर्षक ‘खानदेशी’. तिच्या पोटीं अहिराणी, डांगी, गुजरी वगैरे. आठव्या अनुसूचींत तिला स्थान नाहीं. ग्रीअरसन ह्यांच्या भाषापाहणीनें १९०७ सालींच तिला मराठीच्या खंडांत न बसवितां भिल्ल बोलींच्या सोबत नवव्या खंडांत बसविलें होतें. साक्रीकडील शेतकऱ्यास ह्याची वार्ताही नसेल.

ह्या शीर्षकाखालचे आंकडे पाहावे. १९९१ सालीं ९,७३,७०९; २००१ सालीं २०,७५,२५८; २०११ सालीं १८,६०,२३६. दहा वर्षांत दुप्पट होण्याइतकीं मुलें कोणत्याही मुलखांत जन्मत नाहींत, आणि पुढच्या दहांत दोन लाख पंधरा हजार माणसें बोली विसरून गेलीं, हेंही आम्हांस पटत नाहीं. घरांत अहिराणी बोलणारा माणूस परक्या गणकापुढें ‘मराठी’ म्हणून मोकळा होतो, हें धुळें, अमळनेर, चाळीसगांव ह्या बाजूस ज्यानें दिवस काढले त्यास सांगावयास नको. शाळेंत ती बोलल्याबद्दल जो हंसला गेला आहे, तो तें नांव सरकारी कागदावर कशास घालील? म्हणून ह्या चढउतारांत माणसांचा भाग किती, उत्तराचा किती आणि गटवारीचा किती, हें तीन आंकड्यांवरून वेगळें करतां येत नाहीं.

गुजरीचीच गोष्ट घ्या. ती खानदेशीच्या पोटीं आहे. एका मात्रेच्या फरकानें होणारी ‘गोजरी’, जी जम्मू-काश्मिराकडील गुज्जरांची, ती हिंदीच्या पोटीं. गणकाच्या लेखणीचा एवढासा फेर, आणि शहाद्याकडचा माणूस दुसऱ्याच भाषेच्या गठ्ठ्यांत!

जळगांवजवळच्या असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांस अक्षरओळख नव्हती, आणि त्यांची कविता लेवा बोलींतील. त्यांच्या हयातींत दर दहा वर्षांनीं गणती झाली. त्यांच्या घरीं आलेल्या गणकानें मातृभाषेच्या रकान्यांत काय लिहिलें असेल, असा विचार आमच्या मनांत पुष्कळदां येतो. तो रकाना त्यांनीं स्वतः भरलेला नसणार.