ठिणगीचे ओझे

यंत्र लहान केले, की त्याच्या अडचणीही त्याच प्रमाणात लहान होतात, असा सर्वसाधारण समज आहे. विमानांच्या उडत्या प्रतिकृतींसाठी पेट्रोलवर चालणारे एंजिन घडवू पाहणाऱ्यांना मात्र नेमका उलटा अनुभव आला. सिलिंडर लहान करता आला, दट्ट्या लहान करता आला. परंतु पेट्रोल पेटवणारी ठिणगी काही त्या मानाने लहान होईना. सिलिंडर घागरीएवढा असो की अंगठ्याएवढा, प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी उडायची म्हणजे काही हजार व्होल्टांचा विद्युत्‌दाब हवाच. आणि तो निर्माण करणारी सामग्री बाळगणे ओघानेच आले. जमिनीवरच्या एंजिनाला हे ओझे जाणवतही नाही. ज्या यंत्राला स्वतःचे वजन स्वतःच उचलून आकाशात जायचे आहे, त्याला मात्र प्रत्येक गुंजेचा हिशेब द्यावा लागतो. या छोट्या एंजिनाचा इतिहास म्हणजे एका अर्थी या ठिणगीच्या ओझ्याचाच इतिहास होय.

या इतिहासाचा प्रारंभ मनुष्याच्या विमानोड्डाणाच्याही आधीचा आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ली यांनी १८९६ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या एंजिनाची मानवरहित विमाने उडवून दाखविली होती. पुढे माणूस वाहून नेणारे मोठे विमान बांधण्यापूर्वी त्यांनी त्याची एकचतुर्थांश आकाराची प्रतिकृती करविली, तीत पेट्रोलचे एंजिन बसविले आणि जून १९०१ मध्ये ती उडवली. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे. म्हणजे पेट्रोलच्या बळावर हवेहून जड असे यंत्र प्रथम उडाले, ते कोणाही वैमानिकाशिवाय.

परंतु लँग्लींच्या पाठीशी मोठी संस्था आणि कुशल कारागीर होते. ज्यांच्यापाशी हे काही नव्हते, अशा हौशी मंडळींना या वाटेने जाणे अतिशय कठीण गेले. इंग्लंडमध्ये डेव्हिड स्टँगर यांनी स्वतः घडविलेल्या एंजिनावर १९१४ मध्ये आपले छोटे विमान ५१ सेकंद हवेत ठेवले. हा विक्रम मोडायला १९३२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सी. ई. बाउडेन यांच्या विमानाने ७१ सेकंदांचे उड्डाण केले. मधल्या अठरा वर्षांत मोठी विमाने महासागर ओलांडून गेली होती. छोटी विमाने मात्र बहुतांशी रबराच्या पिळावरच उडत राहिली.

ही कोंडी फोडली ती फिलाडेल्फियातील दोन तरुणांनी. बिल ब्राऊन याने एंजिन घडविले आणि त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट याने त्याला साजेसे विमान बांधले. १९३३ मध्ये न्यूयॉर्कनजीक भरलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत बॅसेटने रबरावर उडणाऱ्या विमानांना मागे टाकून प्रमुख पारितोषिके पटकावली. परिणाम असा झाला, की पेट्रोलच्या विमानांसाठी स्पर्धेचा निराळा वर्गच काढावा लागला. पुढल्या वर्षी त्याचे एक विमान अडीच तासांहून अधिक काळ हवेत राहिले. ‘ब्राऊन ज्युनिअर’ या नावाने हे एंजिन बाजारात आले. त्याची धारिता सुमारे १० घन सेंटिमीटर, शक्ती एका अश्वशक्तीच्या पाचव्या हिश्शाइतकी आणि किंमत साडेएकवीस डॉलर. ते दिवस मंदीचे होते. कोणाही शाळकरी मुलाला ही रक्कम मोठीच होती. तरीही हजारो मुलांनी पैसे साठवून ते घेतले.

या एंजिनाची रचना दोन धावांची. दट्ट्या वर जाताना खालच्या क्रँक-पेटीत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते. वर दाबलेले मिश्रण ठिणगीने पेटते. दट्ट्या खाली येताना जळका वायू बाहेर पडतो आणि ताजे मिश्रण बाजूच्या वाटेने वर चढते. झडपांचा गुंता नाही, वंगणाची वेगळी टाकी नाही. तीन भाग पेट्रोलमध्ये एक भाग जाड तेल मिसळले, की वंगणाची सोय झाली. मात्र ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि कोरड्या बॅटऱ्या विमानाच्या पोटात बसवाव्याच लागत. या सर्वांचे वजन जवळजवळ एंजिनाइतकेच भरे.

असे एंजिन सुरू करणे हा धीराचा व्यवसाय होता. विमानातील बॅटरी इवलीशी. ती आरंभीच्या खटाटोपात संपून जाऊ नये म्हणून जमिनीवर ठेवलेली मोठी बॅटरी तारांनी जोडीत. ठिणगी किंचित उशिरा पडेल अशा बेताने तिचा दांडा मागे ओढून ठेवावा लागे. कारण ती वेळेआधी पडली, तर पंखा उलटा फिरून बोटांवर सपकन बसे. मग हवेच्या तोंडावर बोट धरून पंखा एकदोनदा फिरवायचा, म्हणजे पेट्रोल आत ओढले जाई. ते अधिक झाले, तर प्लग भिजून ठिणगीच नाहीशी होई. त्यानंतर बोट काढून घेऊन पंख्याला जोराचा झटका द्यायचा. एंजिन धडधडू लागले, की ठिणगीचा दांडा हळूहळू पुढे सरकवायचा आणि पेट्रोलची सुईसारखी झडप जराजराशी आवळत आवाज एकसुरी होईपर्यंत थांबायचे. शेवटी मोठ्या बॅटरीच्या तारा काढून एंजिन विमानातील बॅटरीवर सोपवायचे. या क्रमातील एक पायरी चुकली, तरी सारे पुन्हा पहिल्यापासून! मोटारीच्या कारागिराला वर्षानुवर्षे हाताखाली राहून कळते, ते मिश्रणाचे आणि ठिणगीच्या वेळेचे मर्म मुलांना या खेळातून उमगू लागले.

१९३७ मध्ये वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी ‘ब्राऊन ज्युनिअर’वर चालणारे आपले ‘गफ’ नावाचे विमान जमिनीवरून रेडिओच्या साहाय्याने नियंत्रित केले. त्या विमानाला तर ठिणगीच्या सामग्रीबरोबरच रेडिओचेही ओझे वाहावे लागले. हे विमान आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

ठिणगीचे ओझे अखेर उतरविले ते रे आर्डेन या अमेरिकन संशोधकाने. १९४७ मध्ये त्याने तयार केलेल्या प्लगमध्ये ठिणगी नव्हतीच. प्लॅटिनमयुक्त तारेचे एक वेटोळे होते. आरंभी बॅटरीने ती तार तापवायची. एकदा एंजिन चालू झाले, की ज्वलनाच्या उष्णतेने आणि मेथॅनॉलच्या वाफेवर होणाऱ्या प्लॅटिनमच्या रासायनिक क्रियेने ती आपोआप तापलेली राहते. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, विमानातील बॅटरीही गेली. थोड्याच वर्षांत ठिणगीची एंजिने कपाटात जाऊन पडली.

पण निसर्ग कोणतीही सवलत फुकट देत नाही. वजनास वजन घेतले, तर मेथॅनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते. पाचदहा मिनिटांच्या उड्डाणात ही उणीव जाणवत नाही. उड्डाण तासांचे, दिवसांचे झाले, की तराजूचे पारडे फिरते. हे मेनार्ड हिल या अमेरिकन हौशी संशोधकाने पुरते ओळखले होते. छोट्या विमानाने अटलांटिक ओलांडायचा त्यांचा ध्यास होता आणि नियमाने विमानाचे वजन इंधनासह ५ किलोग्रॅमच्या आत ठेवणे भाग होते. त्यांनी मेथॅनॉलवर चालणारे सुमारे १० घन सेंटिमीटरचे चार धावांचे एंजिन घेतले आणि त्यात पुन्हा ठिणगी बसविली! इंधन म्हणून कंदिलांत व स्टोव्हमध्ये जाळले जाणारे पेट्रोलच्या जातीचे शुद्ध तेल वापरले. चार विमाने यश न देता गेली. ऑगस्ट २००३ मध्ये न्यूफाउंडलंडहून सुटलेले पाचवे विमान ३८ तास ५२ मिनिटांत सुमारे १,८८० मैल तोडून आयर्लंडमधील क्लिफ्डेननजीक उतरले. याच परिसरात १९१९ मध्ये अल्कॉक व ब्राऊन अटलांटिक ओलांडून उतरले होते. त्या वेळी हिल ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

अशा रीतीने जे ओझे टाकून देण्यासाठी दोन पिढ्यांनी जिवाचे रान केले, तेच ओझे एका वृद्ध माणसाने जाणूनबुजून पुन्हा पत्करले, आणि त्याच्याच बळावर बाल्साच्या लाकडाचे ते विमान महासागर ओलांडून गेले. ठिणगीचे वजन १९३३ मध्ये आणि २००३ मध्ये ओझेच होते. मात्र दूरच्या वाटेवर इंधनाचे वजन त्याहून भारी पडते, हे हिशेब मांडूनच कळण्यासारखे होते. सोबत काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हे जायचे कुठवर आहे त्यावर अवलंबून असते, हा प्रवाशांचा जुना नियम त्या अंगठ्याएवढ्या सिलिंडरालाही चुकला नाही.