हातसडीचा तांदूळ, विजेच्या कुकरमधील

हातसडीचा तांदूळ, विजेच्या कुकरमधील : धानाचे तूस काढून कोंड्याचा थर राखलेला तांदूळ विजेच्या राइस कुकरमध्ये शिजविण्याची पद्धत. दुकानात या तांदळाला ब्राउन राइस म्हणतात, प्राणहिता-गोदावरी संगमाजवळच्या सिरोंचा तालुक्यातील (जि. गडचिरोली) तेलुगू बोलणाऱ्या घरांत दंपुडु बिय्यम. काटेकोरपणे पाहता दोन्ही एक नव्हेत. उखळात सडताना थोडा कोंडा झडतो; गिरणीतल्या ब्राउन राइसवर तो जवळपास पूर्ण टिकतो, त्यामुळे त्याला पाणी व वेळ दोन्ही अधिक लागतात.

गिरणी व कायदा : १०० किलो धानातून सुमारे २० किलो तूस निघते. खेड्यातला हलर (भात सडण्याचे यंत्र) मात्र तूस आणि कोंडा एकाच दमात ओरबाडतो, म्हणून त्यातून ब्राउन राइस मिळणे जवळजवळ अशक्य. त्यासाठी रबरी रोलरांचा शेलर लागतो आणि पॉलिशचा टप्पा गाळावा लागतो. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, महात्मा गांधी आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या पुढाकाराने, हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. त्यामागे एक कारण आहाराचे होते : क्रिस्तियान आइकमान याने जावा बेटावर कोंबड्यांवर केलेल्या अभ्यासातून पॉलिश तांदूळ व बेरीबेरी यांचा संबंध पुढे आला होता (नोबेल, १९२९). दुसरे कारण रोजगाराचे, कांडपावर पोट भरणाऱ्या बायकांच्या. ग्रामोद्योगांविषयीच्या कर्वे समितीनेही (१९५५) हातसडीची बाजू घेतली. १९५८ च्या भातगिरणी नियमन कायद्याने गिरण्यांना परवाना सक्तीचा केला. तरी हलर गावोगाव पोचलेच. कायदा १९९७ मध्ये रद्द झाला.

कुकर : तोशिबा कंपनीने १९५५ मध्ये जपानात पहिला यशस्वी स्वयंचलित कुकर विक्रीस आणला. तो योशितादा मिनामी यांनी घडविला. शिजवून पाहण्याचे कंटाळवाणे काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केले, ज्याचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो. त्यात एकात एक अशी दोन भांडी असत; बाहेरच्या भांड्यातले पाणी आटले की तापमान चढे व द्विधातू पट्टीचा स्विच बंद होई. आजच्या साध्या कुकरमध्ये हे काम तळाचे चुंबक करते. पाणी असेपर्यंत भांडे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ते संपून तापमान थोडे वर गेले की चुंबकत्व ओसरते आणि बटण उडते. तांदूळ शिजला की नाही हे यंत्राला कळत नाही, पाणी संपले एवढेच कळते. पांढऱ्या तांदळात दोन्ही एकाच वेळी घडते. कोंड्यातून पाणी सावकाश आत शिरते, म्हणून बटण उडाले तरी दाण्याच्या मध्यभागी कच राहते.

कृती : कुकरसोबतचे माप बहुधा १८० मिलि.चे असते (जपानी ‘गो’). तांदूळ एक-दोन तास भिजवावा. एका मापाला दोन ते सव्वादोन मापे पाणी; नव्या तांदळाला थोडे कमी. भांडे निम्म्याच्या वर भरू नये, फेस झाकणाच्या भोकातून उतू जातो. शिजण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. बटण उडाल्यावर झाकण १०–१५ मिनिटे उघडू नये. कच राहिल्यास अर्धे माप गरम पाणी घालून बटण पुन्हा दाबावे. ते लगेच टिकत नसेल तर तळ निवेपर्यंत थांबावे, जोर लावू नये.

व्होल्टेज : २३० व्होल्टचा कुकर १८० व्होल्टवर सुमारे ६० टक्केच शक्तीने चालतो. वेळ वाढतो, तांदूळ बिघडत नाही. मंद आच या तांदळाला उलट मानवते. वीज मध्येच गेली तर साध्या कुकरचे बटण बहुधा दाबलेलेच राहते.

सिरोंचा : जेवणात भात मुख्य.

आहारमूल्य : तंतू, थायमिन व मॅग्नेशियम पांढऱ्या तांदळापेक्षा अधिक. मधुमेहावरील परिणामाबाबत एकवाक्यता नाही.

साठवण : कोंड्यातील तेलामुळे हा तांदूळ उन्हाळ्यात लवकर खवट होतो, म्हणून धान वर्षभर ठेवावे, तांदूळ मात्र महिन्या-दोन महिन्यांपुरताच काढून आणावा.