आफ्रिकेचा नकाशा पाठ करताना

आफ्रिका खंडात आज संयुक्त राष्ट्रसंघाचे ५४ सभासद देश आहेत. स्पर्धापरीक्षेचा उमेदवार असो की मुलांचा अभ्यास घेणारा गृहस्थ असो, ही नावे अकारविल्हे पाठ करू पाहणाऱ्याची गत बहुधा एकच होते. पहिल्या आठवड्यात नावे येतात, दुसऱ्यात जागा चुकतात, आणि महिन्याभराने माली व मलावी यांची अदलाबदल होऊन बसते. दोष स्मरणशक्तीचा नाही, पद्धतीचा आहे. यादीत एका नावाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. नकाशावर मात्र प्रत्येक रेषा म्हणजे कोणी तरी, कोठे तरी, एखाद्या दिवशी घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय कळला की रेषा विसरू म्हटले तरी विसरत नाही.

प्रारंभ चार खुंट्यांनी करावा. १९४५ साली राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा त्यात आफ्रिकेतील अवघे चार देश होते: ईशान्येस इजिप्त, पूर्वेस इथिओपिया, पश्चिमेस लायबेरिया आणि दक्षिण टोकास दक्षिण आफ्रिका. इथिओपियाने १८९६ साली अॅडोवाच्या रणांगणावर इटलीचा पराभव करून आपले स्वातंत्र्य राखले होते. लायबेरिया हे अमेरिकेतून परतलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८४७ साली घोषित केलेले प्रजासत्ताक. इजिप्तवरील ब्रिटिशांचे संरक्षकत्व १९२२ साली संपले, परंतु ब्रिटिश फौजा तेथून हलल्या नव्हत्या. दक्षिण आफ्रिकेत राज्य होते, पण ते मूठभर गोऱ्यांचे. उरलेला बहुतेक सारा खंड युरोपीय सत्तांच्या रंगांनी रंगविलेला होता.

हे रंग बर्लिन परिषदेत भरले गेले, असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. ते अर्धेच खरे. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बिस्मार्कच्या पुढाकाराने चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी बर्लिनला जमले. त्यांत आफ्रिकेचा एकही नव्हता. पण तेथे मुख्यतः नियम ठरले. बहुतेक सीमा त्यानंतरच्या वर्षांत दोन-दोन सत्तांनी आपसांत करार करून आखल्या. त्या करारांतील देवघेव कळली की नकाशातील चमत्कारिक आकृतींचा उलगडा होतो.

गांबिया पाहा. सेनेगलच्या पोटात शिरलेली ही चिंचोळी पट्टी जास्तीत जास्त तीसएक मैल रुंद आहे. व्यापारासाठी नदी इंग्रजांना हवी होती, भोवतालचा मुलूख फ्रेंचांकडे होता. १८८९ च्या कराराने नदी व तिचे दोन्ही काठ इंग्रजांकडे राहिले. एकच भाषा बोलणारी, एकमेकांशी सोयरीक असणारी माणसे रेषेच्या एका बाजूस फ्रेंच शाळेत आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी शाळेत जाऊ लागली.

दुसरे उदाहरण नामिबियाचे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून सुमारे २८० मैल लांबीचे एक बोट पूर्वेकडे निघालेले दिसते. १८९० साली जर्मनीने इंग्रजांशी करार केला. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेट घेतले, झांझिबारवरील दावा सोडला, आणि झांबेझी नदीपर्यंत पोहोचण्यासाठी ही पट्टी मिळविली. त्या नदीने हिंदी महासागर गाठता येईल अशी आशा होती. पण वाटेत व्हिक्टोरिया धबधबा आहे, त्याला कोण काय करणार! पट्टीला तत्कालीन जर्मन चॅन्सेलर काप्रिव्ही यांचे नाव मिळाले. तेथील प्रशासकीय प्रदेशाचे ते नाव बदलून २०१३ साली झांबेझी ठेवण्यात आले.

आता १९६० सालाकडे वळू. त्या एका वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. २७ एप्रिलला टोगो स्वतंत्र झाला आणि चारच दिवसांनी, १ मे रोजी, इकडे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, एवढी खूण मराठी वाचकास पुरेशी व्हावी. पण खरी गंमत ऑगस्टची. तारखा पाहा: १ ला डाहोमी, ३ ला नायजर, ५ ला अपर व्होल्टा, ७ ला आयव्हरी कोस्ट, पुढे ११ ला चाड, १३ ला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, १५ ला ब्राझाव्हिलचा काँगो, १७ ला गॅबन. सगळ्या विषम तारखा. मधली ९ तेवढी सुटली आहे. नकाशावर बोट ठेवून याच क्रमाने जावे. पहिले चार देश एकमेकांस लागून आहेत, दुसरे चारही तसेच, आणि ही दुसरी माळ वाळवंटातून निघून समुद्राला जाऊन मिळते.

कचेरीत काम केलेल्या माणसास या तारखांमागची व्यवस्था लगेच ओळखू येईल. पहिले चार देश १९५९ साली स्थापन झालेल्या एका सहकार्य मंडळाचे सभासद होते. दुसरे चार पूर्वीच्या फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचे प्रांत. या दुसऱ्या चारही समारंभांना फ्रान्सतर्फे आंद्रे मालरो उपस्थित होते. आज एका राजधानीत, परवा दुसऱ्या, असा तो दौराच होता. सीमा परक्यांच्या टेबलावर ठरल्या होत्या. स्वातंत्र्याच्या तारखांनाही पाहुण्यांच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागलेले दिसते. तरी ब्राझाव्हिलच्या वाट्याला १५ ऑगस्ट आला, हे आपल्याला विसरता येणार नाही.

रेषा परक्यांच्या राहिल्या, पण नावे बदलता येत होती. गोल्ड कोस्टने १९५७ साली घाना हे नाव घेतले. ते प्राचीन राज्य वास्तविक शेकडो मैल वायव्येस, आजच्या माली-मॉरिटेनियाच्या भूमीवर होते. डाहोमी १९७५ साली बेनिन झाला. बेनिनचे जुने राज्य नायजेरियाच्या हद्दीत मोडते. अपर व्होल्टाने १९८४ साली आपल्याच भाषांतील शब्द जोडून बुर्किना फासो, म्हणजे सचोटीच्या माणसांचा देश, असे नाव घेतले. भूगोलाच्या काटेकोरपणापेक्षा आपल्या पूर्वजांशी नाते सांगणे या लोकांना मोलाचे वाटले.

मग रेषाच का पुसल्या नाहीत? बेळगावचे नाव काढताच ज्याचे मन हलते, त्या मराठी माणसाला हा प्रश्न पडणारच. आपण भाषेच्या पायावर प्रांतांची फेररचना मागितली, त्यासाठी माणसांनी प्राण दिले. आफ्रिकी नेत्यांनी जुलै १९६४ मध्ये कैरो येथे उलट निर्णय घेतला: स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमा सर्वांनी पाळाव्यात. सोमालिया व मोरोक्को यांना तो मान्य नव्हता. रेषा अन्याय्य आहेत हे इतरांनाही ठाऊक होते. पण एक हलविली तर सगळ्याच हलतील, ही भीती मोठी होती. आपली फेररचना एका राष्ट्राच्या आत, एका संसदेच्या छत्राखाली झाली. तेथे असे छत्र नव्हते. पुढे १९९३ साली एरिट्रिया आणि २०११ साली दक्षिण सुदान वेगळे झाले, ते दीर्घ युद्धांनंतर.

म्हणून मुलांना नकाशा शिकविताना यादी बाजूस ठेवावी. आधी चार खुंट्या ठोकाव्यात, मग ऑगस्टच्या दोन माळा ओवाव्यात. गांबिया व झांबेझीच्या पट्टीपाशी थांबून ही रेषा कोणी काढली, असे विचारावे. ५४ नावे त्यानंतर पाठ करावी लागत नाहीत, ती होतात. आणि ज्यांना स्वतःच्या देशाची सीमा आखताना कोणी विचारले नाही, त्यांनी स्वतः निवडलेले नाव तरी आपण अचूक उच्चारावे, एवढे अगत्य दूर बसलेल्या आपल्यालाही दाखविता येईल.