देवगडच्या गोंड राज्याचा वारसातंटा

देवगडचा (सध्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्हा) गोंड राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर, 1738 च्या सुमारास, गादीच्या हक्कावरून उद्भवलेला तंटा. या तंट्यातूनच वऱ्हाडातील भोसल्यांचा नागपुरात प्रवेश झाला आणि मध्य भारतातील एका मोठ्या गोंड सत्तेचा शेवट झाला.

पूर्वपीठिका : चांद सुलतानाचा पूर्वज बख्त बुलंद याने घरातील वारसाकलहात औरंगजेबाचा आश्रय घेतला आणि इस्लाम स्वीकारून देवगडची गादी मिळवली. नागपूर शहराची स्थापनाही त्यानेच केली. पुढे चांद सुलतानाने राजधानी नागपूरला आणून शहराला तट बांधला. गादीच्या वादात बाहेरच्या बलवान सत्तेचा आधार शोधण्याचा पायंडा अशा रीतीने या घराण्यात आधीच पडलेला होता.

भांबचे भोसले : वऱ्हाडातील भोसल्यांचे ठाणे यवतमाळजवळील भांब (भांब राजा) येथे होते. त्यांच्याकडे असलेले ‘सेनासाहेबसुभा’ हे सातारच्या छत्रपतींनी दिलेले सेनापतिपदाच्या दर्जाचे पद परसोजीनंतर त्याचा मुलगा कान्होजी याच्याकडे आले. कान्होजीला बराच काळ पुत्र नव्हता, म्हणून पुतण्या रघूजी त्याच्याजवळ वाढला. परंतु पुढे कान्होजीला मुलगा झाल्यावर दोघांत वितुष्ट आले आणि रघूजीने काही काळ चांद सुलतानाच्या पदरी काढला. कान्होजीवर नाराज झालेल्या शाहू छत्रपतींनी पुढे ते पद रघूजीला दिले. रघूजी भांबवर चालून येताच कान्होजी तेथून निसटला. मात्र वणीजवळच्या मंदर येथे त्याला गाठून कैद करण्यात आले आणि त्याचे उर्वरित आयुष्य साताऱ्यास बंदिवासात गेले. म्हणजेच देवगडचा तंटा सोडवायला जाणारा रघूजी स्वतःही वारसातंट्यातूनच पुढे आलेला होता.

तंटा व निवाडा : चांद सुलतानानंतर बख्त बुलंदाचा अनौरस, म्हणजे विवाहबाह्य संबंधातून झालेला, मुलगा वलीशाह याने गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने बुऱ्हाणशाह व अकबरशाह या आपल्या मुलांचा हक्क राखण्यासाठी रघूजीला वऱ्हाडातून बोलावले. त्याने वलीशाहाचा पराभव करून दोन्ही राजपुत्रांना गादीवर बसवले. राणीने त्याला तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला, असे सांगितले जाते. पुढे या दोन भावांतच फूट पडली. 1743 च्या सुमारास रघूजी बुऱ्हाणशाहाच्या बाजूने पुन्हा नागपुरात आला, अकबरशाहाला राज्य सोडावे लागले आणि रघूजीने आपले ठाणे कायमचे नागपुरास हलवले.

परिणाम व मूल्यमापन : रघूजीने बुऱ्हाणशाहाची राजा ही पदवी काढून घेतली नाही, त्याला नेमणूक, म्हणजे ठरावीक वार्षिक रक्कम, बांधून दिली आणि कारभार मात्र स्वतःच्या हाती ठेवला. भोसल्यांच्या राज्यारोहणात टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला. नागपूरचे राज्य आपण गोंड राजाच्या वतीने चालवतो, असे दाखवता आल्याने पेशव्यांच्या वरचढ हक्काला आडकाठी घालण्यासही या व्यवस्थेचा उपयोग झाला. सत्ता तलवारीने मिळाली, तरी ती प्रजेला आणि शेजाऱ्यांना मान्य व्हावी यासाठी जुन्या घराण्याची संमती लागते, ही जाण या व्यवस्थेमागे स्पष्ट दिसते. म्हणून या प्रकरणाकडे केवळ मराठी सत्तेच्या विस्ताराचा टप्पा म्हणून पाहणे अपुरे ठरते. गोंड घराण्याची प्रतिष्ठा हा त्या विस्ताराचा पाया होता.

ज्या प्रश्नामुळे भोसल्यांना नागपूर मिळाले, तोच पुढे त्यांच्या घरात उभा राहिला. 1755 मध्ये रघूजीच्या मृत्यूनंतर वयाने थोरला जानोजी आणि थोरल्या राणीचा मुलगा मुधोजी यांच्यात गादीसाठी वाद झाला. जानोजीनंतर मुधोजी आणि साबाजी हे भाऊ एकमेकांविरुद्ध लढले आणि 1775 मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला.